लिंकनची कारकीर्द : जमा काय, नांवें काय

(मैंदर्गी येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



आजचा विषय ऐकून पुष्कळांच्या मनांत येईल कीं, मास्तरांना झालें तरी काय? तुरीच्या शेंगा भरतांना आभाळ आलें कीं आपल्या जिवाला घोर लागतो. दुधनीच्या बाजारांत भाव काय निघेल याची कोणास शाश्वती नाहीं. आणि हे अमेरिकेच्या एका अध्यक्षाचें पुराण सांगावयास उभे राहिले! प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचें उत्तर आधीं देतों.

१८७३ सालीं जोतीराव फुल्यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक छापलें. तें त्यांनीं कोणा राजाला, संस्थानिकाला किंवा पेढीवाल्या शेठजीला अर्पण केलें नाहीं. अमेरिकेंतल्या ज्या भल्या लोकांनीं काळ्या गुलामांना मोकळें करण्यासाठीं झीज सोसली, त्यांना तें अर्पण केलें. आणि आपल्या देशांतल्या लोकांनींही शूद्रातिशूद्रांच्या बाबतींत तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा प्रकट केली. पुण्याच्या एका माळ्याच्या मुलानें सात समुद्रांपलीकडच्या लोकांना पुस्तक अर्पण करावें यांत कांहीं तरी अर्थ असला पाहिजे. तें काम ज्या अध्यक्षाच्या कारकीर्दींत झालें तो अब्राहम लिंकन. आतां कित्ता गिरवावयाचा तर त्यांतलीं सुबक अक्षरें कोणतीं आणि मोडकीं कोणतीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. आम्ही ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडलेले मराठी शाळेचे मास्तर. कित्त्याची पारख हें आमचें रोजचेंच काम आहे.

दुसरें असें कीं, त्या कारकीर्दीचा आणि आपल्या मुलुखाचा संबंध नुसता पुस्तकी नाहीं. १८६१ च्या आधीं विलायतेच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकीं बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागांतून जात असे, आणि तो गुलामांच्या हातांनीं पिके. तिकडे उत्तर-दक्षिणेची लढाई जुंपली, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, आणि विलायतेंतल्या गिरण्या कापसावांचून बंद पडूं लागल्या. मग व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. आगगाडी १८६० सालीं सोलापुरास येऊन ठेपलीच होती. कापसाचा भाव कित्येक पटींनीं चढला. मुंबईंत पैशाचा पूर आला, कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, शेअरांचा जुगार रंगला. इकडे सावकार शेतकऱ्याला बोलावून कर्ज देऊं लागला. १८६५ सालीं लढाई संपल्याची वार्ता आली आणि भाव धाडकन् कोसळले. मुंबईंत पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बाँबेसारखी मातबर बँक बुडाली. शेतकऱ्याच्या हातीं पैसा राहिला नाहीं. कर्जाचा कागद मात्र राहिला. त्यांतच सरकारनें शेतसारा वाढविला, सावकारानें हात आंखडता घेतला, आणि १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या आणि रोखे चव्हाट्यावर जाळले. तो वणवा पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरला. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. तो प्रथम ज्या चार जिल्ह्यांस लागू झाला ते पुणें, नगर, सातारा आणि आपलें सोलापूर. दंग्याला दुसरींही कारणें होतीं; परंतु हजारों कोसांवरच्या त्या लढाईची झळ आपल्या बांधापर्यंत पोंचली होती, एवढें खरें. मग तिच्या धन्याची कारकीर्द तपासणें हें परक्याच्या घरांत डोकावणें नव्हे.

हा लिंकन कोण? १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी प्रांतांत लांकडी ओंडक्यांच्या एका खोलीच्या झोंपडींत तो जन्मला. बाप शेती करी आणि सुतारकामही करी. मुलगा नऊ वर्षांचा असतांना आई वारली. सारी शाळा मिळून वर्षभरही झाली नाहीं. त्यानें कुऱ्हाडीनें लांकडें फोडून कुंपणाचे दांडे केले, नावेवर मजुरी केली. खेड्यांत भागीदारीनें दुकान घातलें, तें बुडालें. त्याचें कर्ज त्यानें वर्षानुवर्षें फेडलें. टपालाचें काम केलें, जमीनमोजणी शिकला, आणि कायद्याचीं पुस्तकें स्वतःच वाचून वकील झाला. कोणी म्हणेल, गरिबाच्या पोटीं जन्मला म्हणूनच गरिबांचा कैवारी झाला. मंडळी, एवढी घाई करूं नका. याच गोष्टींत पुढें आणखी एक गरिबाचा मुलगा येणार आहे. त्याला पाहिल्यावर मग बोलूं.

१८६० च्या निवडणुकींत लिंकन निवडून आला तो शंभरांतील सुमारें चाळीस मतांवर. तो गुलामगिरी नव्या प्रांतांत पसरूं देणार नाहीं, एवढ्याच धास्तीनें दक्षिणेचीं सात राज्यें त्यानें शपथ घेण्यापूर्वींच फुटून निघालीं. पुढें तीं अकरा झालीं. ४ मार्च १८६१ रोजीं त्यानें शपथ घेतली आणि एप्रिलांत लढाई सुरू झाली. ती चार वर्षें चालली आणि तींत सहा लाखांहून अधिक माणसें गेलीं. लिंकनची कारकीर्द म्हणजे जवळजवळ ही लढाईच होय.

आतां आपण वाण्याच्या वहीसारखीं दोन पानें मांडूं. एका पानावर जमा, दुसऱ्यावर नांवें.

जमेची पहिली रक्कम मोठी आहे. १ जानेवारी १८६३ रोजीं लिंकननें जाहीरनामा काढला कीं, बंड करणाऱ्या प्रांतांतले सर्व गुलाम आजपासून स्वतंत्र आहेत. हा जाहीरनामा अपुरा होता. जीं चार गुलामगिरीचीं राज्यें त्याच्या बाजूला राहिलीं होतीं, तेथल्या गुलामांना तो लागू नव्हता. म्हणजे जेथें त्याचा हुकूम चालत होता तेथें गुलाम सुटले नाहींत, आणि जेथें सुटले म्हटलें तेथें त्याचा हुकूम चालत नव्हता! त्याच्या विरोधकांनीं यावरून थट्टा केली. परंतु या कागदानें लढाईचा अर्थच पालटला. मळ्यांतले गुलाम काम टाकून फौजेच्या तळाकडे धांवले. पुढें सुमारें १ लाख ८० हजार काळे शिपाई उत्तरेच्या पलटणींत लढले. स्वातंत्र्य त्यांना कोणी ताटांत वाढून दिलें नाहीं; त्यांनीं तें बंदूक खांद्यावर घेऊन मिळविलें. कागद अपुरा आहे हें लिंकनलाही कळत होतें, म्हणून त्यानें राज्यघटनेंतच दुरुस्ती करविली. ती ३१ जानेवारी १८६५ रोजीं प्रतिनिधिसभेंत पास झाली आणि ६ डिसेंबर १८६५ रोजीं पक्की झाली. सुमारें ४० लाख माणसें जनावरांसारखीं विकलीं जाण्यापासून सुटलीं. तो दिवस पाहावयास लिंकन मात्र उरला नव्हता. १४ एप्रिलच्या रात्रीं नाटकगृहांत त्याला गोळी घातली गेली आणि दुसऱ्या दिवशीं तो वारला.

दुसरी रक्कम शेतकऱ्याच्या खात्यांतली आहे, आणि तिच्याविषयीं आपल्याकडे फार थोडे लोक बोलतात. लढाई ऐन भरांत असतांना, १८६२ या एका सालांत त्यानें तीन गोष्टी केल्या. शेतकीचें स्वतंत्र खातें काढलें. जो कोणी पांच वर्षें राहून जमीन कसील त्याला नाममात्र फी घेऊन १६० एकर सरकारी जमीन देण्याचा कायदा केला. आणि प्रत्येक राज्याला जमिनी देऊन, त्यांच्या उत्पन्नांतून शेतकी व यंत्रकलेचीं कॉलेजें काढावयास लाविलीं. पुढें आपल्या देशांत कृषि विद्यापीठें निघालीं तीं याच धर्तीवर. राहुरीचें विद्यापीठ १९६८ सालचें. त्याला नांव आहे महात्मा फुल्यांचें. शेतकऱ्याचें पोर शेतकीचें शास्त्र शिकलें पाहिजे हें जोतीराव 'शेतकऱ्याचा असूड' मध्यें सांगत होते. त्या सांगण्याची आणि त्या अमेरिकन कायद्याची गांठ राहुरीच्या माळावर पडली.

तिसरी रक्कम कारागिरांनीं ध्यानांत ठेवावी. कापूस येईनासा झाला तेव्हां मँचेस्टरच्या बाजूचे विणकर आणि गिरणीकामगार उपाशी मरूं लागले. लढाई थांबवा आणि दक्षिणेचा कापूस येऊं द्या, असें म्हणणें त्यांच्या पोटाच्या सोयीचें होतें. तरी १८६२ च्या शेवटच्या दिवशीं मँचेस्टरास त्यांनीं सभा भरविली आणि लिंकनला पत्र लिहिलें कीं, गुलामगिरी मोडण्याच्या कामीं आम्ही तुमच्या बाजूचे आहोंत. लिंकननें पुढच्याच महिन्यांत त्यांना उलट पत्र लिहून त्यांच्या सोसण्याचा गौरव केला. अमेरिकेंतून त्यांच्यासाठीं धान्य भरलेलें जहाजही गेलें. सोलापूरच्या मागावर ज्यांच्या घराण्यांनीं पिढ्यान् पिढ्या चादर विणली त्यांना या गोष्टीची किंमत सांगावयास नको. दुसऱ्याच्या बेडीवर आपली भाकरी भाजूं नये, हें उपाशी पोटीं म्हणणें सोपें नाहीं.

आतां दुसरें पान. कोणाची पूजा बांधावयाची नाहीं, हिशेब करावयाचा आहे.

लिंकन पहिल्यापासून गुलामांचा मुक्तिदाता म्हणून निघाला होता, हें खरें नाहीं. ऑगस्ट १८६२ मध्यें त्यानें एका पत्रकर्त्याला स्पष्ट लिहिलें कीं, आपलें मुख्य काम देश एकत्र राखण्याचें. गुलाम सोडून तें साधलें तर तसें, न सोडतां साधलें तर तसें. त्याच महिन्यांत त्यानें काळ्या लोकांच्या कांहीं पुढाऱ्यांना बोलावून, तुम्ही हा देश सोडून दुसरीकडे वसाहत करावी, असें सुचविलें. ज्यांच्या घामावर त्या देशाची श्रीमंती उभी राहिली त्यांनाच बाहेर जा म्हणावयाचें! त्यांनीं तें मानलें नाहीं, हें त्यांचें शहाणपण. लिंकनचा मोठेपणा इतकाच कीं तो शिकत गेला. आपल्या शेवटच्या भाषणांत तो कांहीं काळ्या लोकांना मताचा हक्क असावा, इथपर्यंत आला होता.

दुसरी गोष्ट. एप्रिल १८६२ मध्यें राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम मोकळे केले, तेव्हां सरकारनें नुकसानभरपाई दिली. कोणाला? मालकाला! दर गुलामामागें ३०० डॉलरपर्यंत. ज्यानें जन्मभर फुकट राबवून घेतलें त्याला भरपाई, आणि जो राबला त्याला, देश सोडून जात असशील तर थोडे पैसे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात तें हेंच.

तिसरी गोष्ट अधिक कडू आहे. शेतकऱ्यांना वांटलेली ती १६० एकर जमीन आली कोठून? ती तेथल्या मूळ रहिवाशांची होती. १८६२ सालीं मिनेसोटांत डकोटा लोकांनीं उपासमारीला कंटाळून उठाव केला. लष्करी कोर्टानें ३०३ जणांना फांशी ठोठावली. लिंकननें कागद स्वतः तपासून बहुतेकांची फांशी रद्द केली, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु २६ डिसेंबर १८६२ रोजीं ३८ जणांना एकाच वेळीं फांशीं दिलें, तें त्याच्याच सहीनें. एकाची बेडी तोडतांना दुसऱ्याचें शेत गेलें, हें वहींत लिहिल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. गुलाम सुटला, पण सुटून जावयाचें कोठें? घर मालकाचें, शेत मालकाचें, बैल मालकाचे, बियाणें मालकाचें. याचा पक्का बंदोबस्त झाल्यावांचूनच लिंकन गेला. आणि आपल्या मागें गादीवर येईल असा जो उपाध्यक्ष त्यानें १८६४ सालीं पत्करला, तो अँड्र्यू जॉन्सन.

मघाशीं म्हटलेला दुसरा गरिबाचा मुलगा तो हाच. लहानपणींच बाप वारला. आईनें त्याला शिंप्याच्या हाताखालीं उमेदवारीला ठेविलें. एक दिवसही शाळा नाहीं. बायकोनें त्याला लिहिणें व हिशेब शिकविला. हातांतली सुई आणि कातर यांच्या जोरावर गांवांत नांव काढून तो अध्यक्षपदापर्यंत चढला. मोठ्या जमीनदारांवर त्याचा दांत होता. अशा माणसानें गोरगरिबांचें सोनें करावयास हवें होतें. पण केलें काय? जानेवारी १८६५ मध्यें सेनापति शर्मननें दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या, मालक पळून गेलेल्या जमिनी, दर कुटुंबास ४० एकरांपर्यंत, सुटलेल्या गुलामांना कसावयास दिल्या होत्या. सुमारें ४० हजार माणसें तेथें वसलीं होतीं. जॉन्सननें त्याच सालीं बंडखोर मालकांना माफी देऊन त्या जमिनी त्यांना परत करण्याचा हुकूम काढला. उभ्या पिकांतून लोकांना उठविलें. काळ्या लोकांना नागरिकाचे हक्क देणारा १८६६ सालचा कायदा त्यानें नामंजूर केला. लोकसभागृहांना तो त्याच्या डोक्यावरून पास करावा लागला. १८६८ सालीं त्याच्यावर खटला चालला, त्यांतून एका मतानें वांचला.

असें कां झालें? त्याला मोठ्या जमीनदारांचा राग होता तो त्यांच्या वरच्या पायरीबद्दल; पायऱ्याच नकोत, असें त्याचें म्हणणें नव्हतें. आपल्याखालीं एक पायरी कायम असावी, ही त्याची हौस होती. दक्षिणेंतल्या बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांपाशीं एकही गुलाम नव्हता. तरी त्यांचीं पोरें गुलामवाल्यांच्या बाजूनें हजारोंनीं मेलीं. स्वतःला फाटकें पांघरूण, पण शेजारी आपल्याहून हलका आहे एवढ्या समाधानावर त्यांनीं जीव दिला.

बंधूंनो, येथें जरा थांबून आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं. आमच्या मैंदर्गींत घरांत कानडी, बाजारांत मराठी. येथें शेतकरी आहेत, धनगर आहेत, कोष्टी, सुतार, लोहार, कुंभार सारे आहेत. वरच्यानें आपल्याला हलकें लेखलें कीं आपला संताप होतो, आणि तो व्हावयासच पाहिजे. पण गांवकुसाबाहेरच्या वस्तींतला माणूस लग्नाच्या पंगतींत शेजारीं बसला, त्याच्या पोरानें नवी मोटारसायकल घेतली, त्याच्या वरातीची वाट आपल्या देवळापुढून गेली कीं आपल्यांतल्या किती जणांच्या कपाळाला आंठी पडते? ती आंठी म्हणजे तो शिंपी अध्यक्ष. ज्या १८६८ सालीं तिकडे त्याच्यावर खटला चालला होता, त्याच सालीं इकडे पुण्यास जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. दोघेही कष्टकरी घरांतले. एकानें सत्ता हातांत असतांना खालची पायरी जपली. दुसऱ्यानें हातांत एक हौद होता, त्यानें तीच पायरी फोडली. जन्म दोघांचा सारखाच, निवड वेगळी. म्हणून, तो आपल्यांतला आहे, एवढ्यावर कोणाला डोक्यावर घेऊं नका आणि कोणाला मतही देऊं नका. तो खालच्याशीं कसा वागतो, तें आधीं पाहा.

आतां सुटलेल्या गुलामांचें पुढें काय झालें तें ऐका. कारण तेथें आपल्याच गांवची गोष्ट ऐकल्यासारखें वाटेल. जमीन नाहीं, म्हणून त्यांनीं जुन्याच मालकाची जमीन वांट्यानें केली. पिकाचा अर्धा वांटा मालकाचा. पीक हातीं येईपर्यंत मीठ, पीठ, कापड, बियाणें दुकानांतून उधार. दुकान बहुधा मालकाचें किंवा त्याच्या सोयऱ्याचें. हिशेबाची वही दुकानदारापाशीं, आणि वाचतां येणारा तोच. वर्षअखेरीस कापूस मोजला कीं बाकी निघे ती काळ्याच्याच अंगावर. बाकी फिटेपर्यंत शेत सोडतां येईना. बेडी लोखंडाची होती ती गेली, कागदाची आली. सुंभ जळला, पीळ राहिला.

मतांचेंही तसेंच. १८७० सालीं घटनादुरुस्तीनें काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. त्याच सालीं मिसिसिपी राज्यांतून हायरम रेव्हल्स हा काळा गृहस्थ सिनेटांत गेला. जोतीरावांनीं १८७३ सालीं पुस्तक अर्पण केलें तेव्हां तिकडे ही पहांट चालू होती, हें लक्षांत घ्या. चारच वर्षांनीं, १८७७ सालीं, दक्षिणेंतल्या राजवटींच्या पाठीशीं उभी असलेली फौज मागें घेतली गेली. मग तोंडावर फडकीं बांधून रात्रीं घरें जाळणारे आधींच होते, त्यांच्या जोडीला कायदा आला. मतावर कर बसविला, वाचनाची परीक्षा लाविली. परीक्षक गोरा, परीक्षा काळ्याची. लुइझियाना राज्यांत १८९६ सालीं १ लाख ३० हजार काळे मतदार नोंदलेले होते. १९०० सालीं उरले ५,३२०. आणि १८९६ सालींच वरिष्ठ कोर्टानें निवाडा दिला कीं, गाडींत काळ्यांना वेगळें बसविलें तरी समतेला बाध येत नाहीं. मताचा हक्क खरोखर हातीं पडावयास १९६५ सालचा कायदा यावा लागला, म्हणजे लिंकनच्या मरणानंतर १०० वर्षें. त्या कायद्याचाही एक मुख्य आधार २०१३ सालीं तिथल्या वरिष्ठ कोर्टानें काढून घेतला. मिळालेला हक्क राखावा लागतो. तो विहिरीच्या पाण्यासारखा आहे, उपसा बंद केला कीं शेवाळतो.

मग सारेंच फुकट गेलें काय? नाहीं. एक गोष्ट कोणालाही परत घेतां आली नाहीं, ती म्हणजे अक्षर. गुलामगिरींत कित्येक राज्यांत गुलामाला वाचावयास शिकविणें हा गुन्हा होता. सुटल्याबरोबर लोक शाळांवर तुटून पडले. नातू आणि आजा एका बांकावर बसूं लागले. १८७० सालीं त्यांच्यांत शंभरीं ८० माणसें निरक्षर होतीं. १९१० सालीं ३० राहिलीं. जमीन हिरावली, मत हिरावलें, तरी ४० वर्षांत त्यांनीं एवढी मजल मारली. पुढें त्याच लोकांतून जे विद्वान निघाले त्यांतल्या ड्यू बॉईस यांना १९४६ सालीं बाबासाहेब आंबेडकरांनीं पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखाचें साम्य सांगितलें. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत बाबासाहेबांनीं जो इशारा दिला, कीं राजकारणांत समता आणि समाजांत, संसारांत विषमता हें फार दिवस चालणार नाहीं, तो लिंकनच्या अपुऱ्या राहिलेल्या कामावरचाच जणूं शेरा आहे.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाहीं. १ एप्रिल १९५७ या दिवशीं कुळांना जमिनीचा मालक ठरविलें; अमेरिकेंत ४० एकर कागदावर राहिले, इकडे पुष्कळांना खरोखर जमीन मिळाली. परंतु कोणाला? ज्याचें नांव पीकपाहणींत लागलें होतें त्याला. ज्याचा वहिवाटीचा शब्द तोंडीच होता त्याच्या हातून ती निसटली. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. तरी ऊसतोडीला जाणारा गडी आणि त्याची कारभारीण दसऱ्याच्या आधीं मुकादमाकडून उचल घेतात, आणि हंगाम सरतांना फिटलेली बाकी पुन्हां अंगावर कशी निघते तें त्यांचें त्यांनाच ठाऊक. पोर फडावर जातें आणि शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें रेघ ओढली जाते. सावकारी नियमनाचा २०१४ सालचा कायदा बेकायदेशीर सावकारानें बळकावलेली जमीन परत मिळवून देऊं शकतो. पण त्यासाठीं अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करणाराला आपण कोठें सही केली हें वाचतां आलें पाहिजे.

म्हणून या कारकीर्दीवरून आम्ही आपणांस तीन कामें सांगतों. पहिलें, घरांतल्या प्रत्येक जाणत्या माणसानें, बायकांनींसुद्धां, आपला सातबारा, आठ अ चा उतारा आणि कर्जाचा कागद स्वतः वाचावा. वाचतां येत नसेल तर शाळेंतल्या पोराकडून वाचून घ्यावा. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही कोणालाही, सोयऱ्यालाही, देऊं नये. उचल घेतली तर तिचा हिशेब आपल्या वहींतही असावा.

दुसरें, तोडीला जातांना पोरें मागें ठेवा. आजीपाशीं ठेवा, भावकींत ठेवा, हंगामी वसतिगृहाची सोय होत असेल तर तेथें ठेवा. आणि ज्यांचीं जाणारीं नाहींत त्यांनीं शेजाऱ्याचें एक पोर चार महिने आपल्या ताटावर जेवूं घाला. मँचेस्टरचा उपाशी विणकर परक्या देशांतल्या गुलामासाठीं पोटाला चिमटा घेऊं शकला; आपल्याला शेजारच्या पोरासाठीं एक भाकरी जड होऊं नये.

तिसरें काम सर्वांत अवघड, आणि त्याला सरकार नको, पैसा नको, अर्जही नको. आपल्याखालीं म्हणून जी पायरी आपण मनांत ठेविली आहे ती आपल्याच हातानें फोडावी. लिंकननें लेखणीनें जें केलें तें मोठें होतें. पण लेखणी पोंचत नाहीं तेथें, पंगतींत, पाणवठ्यावर, वरातीच्या वाटेवर, जें करावयाचें राहिलें तें त्याच्या देशाला १०० वर्षें भोंवलें. आपल्याला तेवढीं वर्षें नाहींत.

लिंकनच्या वहींत जमा मोठी, बाकीही मोठी. जमेबद्दल जोतीरावांनीं आपल्या वतीनें आभार मानून ठेविले आहेत. बाकी फेडणें ज्याच्या त्याच्या गांवाकडे आहे.